आजी व्हायला हरकत नाही, पण आधी करार काढा

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मी ४९ वर्षांची आहे. एका मराठी मालिकेत गेली आठ वर्षं 'माई' या आईची भूमिका करते. त्याआधी दहा-बारा वर्षं नाटकं केली, प्रायोगिक आणि व्यावसायिक दोन्ही. आता मालिका अठरा वर्षांची लीप घेतेय, म्हणजे गोष्ट एकदम अठरा वर्षं पुढे जाणार, आणि मी आजी होणार आहे. माझ्या थोरल्या मुलाचं काम करणारा नट ४१ वर्षांचा आहे, आणि लीपनंतर चोवीस वर्षांची मुलगी मला 'आजी' म्हणून मिठी मारणार. लुक टेस्ट झाली. मेकअप दादांनी कानशिलांवर पांढरा रंग ओढला आणि आरशात मला माझी आई दिसली. दोन आठवड्यांत होकार-नकार कळवायचा आहे. नेमकी याच वेळी एका व्यावसायिक नाटकाची विचारणा आली आहे, भूमिका चांगली आहे. घराचे हप्ते चालू आहेत, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नवऱ्याची नोकरी तीन वर्षांपूर्वी गेली आणि सध्या तो मिळेल ते काम घेतो. परवा नाट्यशाखेतला जुना मित्र भेटला, म्हणाला, "अजून तेच करतेस?" तेव्हापासून झोप उडाली आहे. बँकेत केवायसीसाठी गेले तर काउंटरवरच्या बाईंनी फॉर्मवरचं माझं नाव वाचलं आणि तरीही "माई, इथे सही करा" म्हणाल्या. आठ वर्षांत वाहिनीच्या सोहळ्यात 'सर्वोत्कृष्ट आई'सुद्धा एकदा मिळालं नाही. राहिले तर नटी म्हणून संपले, सोडलं तर लोक विसरले. काय करू?

(नाव, वाहिनी, मालिका आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला 'माई' म्हणायचं नाही एवढं आधी ठरवलं, मग लिहायला बसले.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत दोन वाटा आहेत आणि दोन्ही खड्ड्यात जातात. राहिलं तरी संपणं, सोडलं तरी संपणं. पत्र वाचताना मला वाटलं, या बाई सल्ला मागत नाहीयेत, आपलं वाटोळं कुठल्या बाजूने व्हावं तेवढं विचारताहेत. आणि दोन्ही वाटांच्या मुळाशी तुम्ही एक गोष्ट न तपासता मान्य करून टाकली आहे, की आठ वर्षं फुकट गेली. आधी तिथली गाठ सोडवू. ती सुटली तर उरलेलं बरंचसं हिशेबाचं आणि कागदाचं काम आहे, आणि ते तुम्हाला जमण्यासारखं आहे.

"अजून तेच करतेस?" हे विचारणारा मित्र सध्या स्वतः काय करतो, ते तुम्ही लिहिलेलं नाही. मी खोचकपणे विचारत नाही. बरं, थोडं खोचकपणेच विचारते. नाटकवाल्यांमध्ये मालिकेला नाक मुरडायची जुनी रीत आहे, आणि नाक मुरडणाऱ्यांपैकी अनेकांचं घर कधी ना कधी मालिकेच्या चेकवर चाललेलं असतं. त्या प्रश्नाने तुमची झोप उडाली, कारण तो प्रश्न तुम्ही स्वतःला आधीच विचारत होतात. त्याने फक्त मोठ्याने म्हटलं.

तुम्ही रोज काय करता ते बाहेरच्या वाचकांसाठी जरा सांगते. सकाळी सातचा कॉल टाइम. ठाण्यात राहणाऱ्याला घोडबंदर रोडवरचा सेट जवळ वाटतो, पण त्या रस्त्याचा ट्रॅफिक ज्याला माहीत आहे त्याला ते 'जवळ' किती ते कळेल. संवादांची पानं कधी आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, कधी थेट मेकअपच्या खुर्चीत हातात पडतात. सीन कथेच्या क्रमाने लागत नाहीत, लोकेशनच्या सोयीने लागतात. म्हणजे जेवणाआधी दिवाणखान्यात नातवाच्या बारशाचं हसायचं आणि जेवणानंतर साडी बदलून त्याच सोफ्यावर नवऱ्याच्या अपघाताचा फोन घ्यायचा. त्यात क्लोजअपच्या वेळी समोरचा नट दुसऱ्या युनिटकडे गेलेला असतो. त्याचे संवाद एक असिस्टंट सपाट आवाजात, पानातून डोकं वर न काढता वाचतो, आणि त्या आवाजावर तुम्ही डोळ्यांत पाणी आणता. ग्लिसरीन असतं, पण ग्लिसरीनने डोळे ओले होतात, ओठ थरथरत नाहीत. हे काम आठ वर्षं करणाऱ्या बाईला 'तू अभिनय करत नाहीस' असं सांगणाऱ्याने एक दिवस त्या सोफ्यावर बसून दाखवावं.

पण गोड बोलण्यासाठी हे सदर नाही, म्हणून दुसरी बाजूही सांगते. याच पद्धतीने कामाला गंजही चढतो. ठरावीक तीन-चार भाव बसतात: काळजीचा, दुखावल्याचा, देवासमोरचा, आणि दार उघडून अवाक् होण्याचा. दिग्दर्शकाला वेळ नसतो, पहिला टेक ओके होतो, आणि नटाला कळायच्या आत तो स्वतःचीच नक्कल करायला लागतो. तुमचं असं झालंय का, हे मला पत्रावरून कळणार नाही. तुम्हाला कळेल. शेवटचा कुठला सीन तुम्ही घरी तयारी करून नेला होता? पानं हातात आल्यावर मनात कालवाकालव झाली, लेखकाला फोन करून 'ही ओळ माई म्हणणार नाही' असं सांगितलंत, असं शेवटचं कधी घडलं? उत्तर या वर्षातलं असेल तर तुमच्यातली नटी ठणठणीत आहे, तुम्ही नुसत्या दमल्या आहात. उत्तर तीन-चार वर्षांपूर्वीचं असेल तर मित्राचा प्रश्न उद्धट असला तरी चुकीचा नव्हता. त्यावर इलाज मात्र राजीनामाच असतो असं नाही. तिकडे येतेच.

त्याआधी पुरस्काराचं. आपल्याकडे वाहिन्यांच्या सोहळ्यात बाहुल्या नात्यांना मिळतात: सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट आई. मालिकेच्या प्रसिद्धीसाठी ते ठीकच आहे, पण त्यावरून आपल्या अभिनयाची किंमत करायला बसलात तर अवघड आहे. अमेरिकेत सुझन लुची नावाची अभिनेत्री 'ऑल माय चिल्ड्रन' या मालिकेत एरिका केन हे पात्र १९७० पासून करत होती. डेटाइम एमी या पुरस्कारासाठी तिला पहिलं नामांकन १९७८ मध्ये मिळालं, आणि ती हरली. मग हरतच राहिली. अठरा वेळा. तिचं हरणं हा तिथे राष्ट्रीय विनोद झाला होता, आणि ती स्वतः त्या विनोदांत सामील व्हायची. १९९९ मध्ये एकोणिसाव्या नामांकनाला पुरस्कार मिळाला तेव्हा सभागृह उभं राहून थांबेचना. गोष्ट गोड आहे, पण मला त्यातला दुसराच भाग महत्त्वाचा वाटतो. पुरस्कारानंतरही ती तेच काम बारा वर्षं करत राहिली. मालिका २०११ मध्ये बंद झाली ती वाहिनीने बंद केली म्हणून. एकेचाळीस वर्षं एक पात्र करणाऱ्या बाईलाही 'राहायचं की जायचं' हे शेवटी विचारलं गेलं नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नातला दुसरा गैरसमज हा: राहणं तुमच्या हातात आहे असं तुम्ही धरून चालला आहात. तुम्ही 'राहते' म्हणालात तरी मालिका किती राहील ते दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर ठरतं. लीप बऱ्याचदा आकडे घसरल्यामुळेच घेतात. ती चालली तर तीन वर्षं निघतील, नाही चालली तर तीन महिन्यांत वेळ बदलतील, साडेसातवरून साडेसहा, मग दुपार, मग समारोपाचा महाएपिसोड. त्यामुळे 'कायमची आजी' होण्याची जी भीती तुम्हाला वाटते, तिची वाहिनीकडून काही हमी नाही.

आता आजीकडे येऊ, कारण खरं दुखणं तिथे आहे. एकेचाळीस वर्षांच्या मुलाची आई एकोणपन्नासाव्या वर्षी तुम्ही केलीतच. तेव्हा वयाच्या गणिताने पोटात गोळा आला नाही, आता पांढऱ्या रंगाने आला, कारण आरशात तुमची आई दिसली. त्यावर मी काही शहाणपण सांगणार नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यावर ते प्रत्येकीला कधीतरी दिसतं, तुम्हाला ते मेकअपरूममध्ये चार माणसांसमोर दिसलं.

पण 'आजी झाले की पुढे काही मिळणार नाही' हे तुमचं गृहीतक मात्र तपासायला हवं. रोहिणी हट्टंगडींचा प्रवास बघा. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून शिकून आलेल्या या अभिनेत्रीने 'गांधी'मध्ये कस्तुरबा केल्या, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, आणि त्यासाठी बाफ्टा हा ब्रिटनचा मानाचा चित्रपट पुरस्कार मिळवला. 'सारांश' १९८४ मध्ये आला तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या, आणि भूमिका होती तरुण मुलगा गमावलेल्या वृद्ध आईची. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, प्रत्यक्षात त्यांच्याहून बऱ्याच लहान असताना. मग २००१ च्या नोव्हेंबरमध्ये ईटीव्ही मराठीवर 'चार दिवस सासूचे' सुरू झालं. चार दिवस म्हणता म्हणता ती मालिका २०१३ च्या जानेवारीपर्यंत चालली, तीन हजारांहून जास्त भाग. अकरा वर्षं लोकांनी त्यांना आशालता देशमुख म्हणून ओळखलं. बाफ्टा मिळवलेली अभिनेत्री रोज संध्याकाळी सासू होते यावर तेव्हाही कोणीतरी "अजून तेच?" म्हणालंच असेल. आणि ती संपल्यावर त्याच वर्षी 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये त्या आल्या कोण म्हणून? आईआजी. एका घरातल्या सगळ्या सासवांच्या वरची बाई. सासूच्या अकरा वर्षांनी त्यांना मारलं नाही आणि आजीनेही मारलं नाही.

तुम्ही म्हणाल, त्या रोहिणी हट्टंगडी आहेत. बरोबर आहे. तुमच्या पाठीशी बाफ्टा नाही आणि दिग्दर्शक तुमच्यासाठी भूमिका लिहून ठेवत नाहीत. म्हणून त्यांच्याकडून यश उचलू नका, एक निरीक्षण उचला. आईआजी ही आजी होती, पण त्या घरात निर्णय तिच्यापाशी येऊन थांबत. आपल्या मालिकांत आज्या दोन प्रकारच्या असतात. एक, जिच्या शब्दाने गोष्ट वळते. दुसरी, जी सोफ्याच्या कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसते, आठवड्यातून दोनदा "अगं बाई, हे काय झालं!" म्हणते आणि पाडव्याच्या भागात सगळ्यांना नमस्कार करू देते. पांढरे केस दोघींचे सारखेच. तुम्हाला कुठली आजी देऊ केली आहे? पत्रात कानशिलांचं वर्णन आहे, मुलाचं वय आहे, नातीचं वय आहे, पण आजी लीपनंतर काय करणार याचा एक शब्द नाही. मला शंका आहे की तुम्ही विचारलंच नाही.

विचारा. ईपींना, म्हणजे कार्यकारी निर्मात्यांना, भेटून स्पष्ट विचारा: पहिल्या तीन महिन्यांचा माझा ट्रॅक, म्हणजे कथेतला माझा धागा, काय आहे? महिन्याला माझे अंदाजे किती दिवस आहेत? 'आजी तर घराचा कणा आहे ताई' हे उत्तर नव्हे. 'धाकटी नात घर सोडून जाते आणि आजी तिच्या बाजूने उभी राहते, त्यावरून मुलाशी वैर होतं' हे उत्तर आहे.

इथे मला तुम्हाला आणखी एका बाईची ओळख करून द्यायची आहे. आयलीन फुल्टन. 'ॲज द वर्ल्ड टर्न्स' नावाच्या अमेरिकन मालिकेत ती १९६० मध्ये लिसा म्हणून आली. साधीसुधी, तात्पुरती मुलगी असं ते पात्र होतं. फुल्टनने ते हळूहळू कारस्थानी करत नेलं आणि लिसा अशी पेटली की १९६५ मध्ये तिच्यासाठी रात्रीच्या वेळेत एक वेगळी मालिका काढली गेली. लोक इतके चिडायचे की तिला बाहेर पडताना अंगरक्षक ठेवावा लागला. (तुमच्या माईला भाजीवाल्या निदान कोथिंबीर फुकट देत असतील.) त्या काळात मालिका थेट प्रक्षेपित व्हायची, चुकलं तर देशभर दिसायचं, आणि तरी ती न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर कामं करत होती. पुढे वय वाढू लागलं तसं तिने ओळखलं की पात्राला नातवंडं झाली की नटीला सोफ्याच्या कोपऱ्यात बसवतात. तेव्हा तिने काय केलं? रडली नाही, सोडलंही नाही. करारात कलम घालून घेतलं की लिसाला माझ्या संमतीशिवाय आजी करायचं नाही. ते 'आजीचं कलम' तिथल्या मालिकाविश्वात गाजलं. लिसा पुढे आजी झालीच, पण तोवर फुल्टनचं त्या मालिकेतलं स्थान असं झालं होतं की आजी झाल्याने काही बिघडलं नाही. २०१० मध्ये मालिका संपली तेव्हाही ती त्यात होती. मधल्या पन्नास वर्षांत ती एक-दोनदा सोडून गेली, दुसऱ्या नट्यांनी लिसा केली, आणि ती परत आली.

ठाण्याच्या सेटवर २०२० च्या दशकात कोणी असं कलम देणार नाही, हे मलाही कळतं. वाहिनीने लीप ठरवली आहे, तुमच्या एकटीच्या नकाराने ती थांबणार नाही. पण या गोष्टीतली पद्धत उचलता येते. भावना खरी होती, तिने ती करारात नेऊन ठेवली.

तुम्ही करार वाचला आहे का? आठ वर्षांपूर्वी सही करताना वाचला असेल, नंतर नूतनीकरणाच्या वेळी फक्त आकडा बघितला असेल. आता तो काढा आणि चार जागा शोधा. एक, एक्स्क्लुझिव्हिटी: इतर मालिकांवर बंदी आहे की नाटकावरही? दोन, नोटीस: तुम्हाला काढायला त्यांना किती दिवस लागतात आणि सोडायला तुम्हाला किती? हे बहुतेकदा समान नसतं. तीन, महिन्याचे किमान दिवस. हे नसेल तर 'मालिकेत आहे' म्हणजे महिन्याला चार दिवसही असू शकतात, आणि बाकीचे सव्वीस दिवस तुम्ही दुसरं काम न घेता फोनची वाट बघत बसता. आजीच्या बाबतीत हे सर्रास होतं. चार, पैसे किती दिवसांनी. करारात काही समजलं नाही तर वकिलाला तासाभराची फी द्या. थकलेल्या पैशांची तक्रार असेल आणि सिंटा या कलाकारांच्या संघटनेच्या सदस्य असाल तर तिथेही जाता येतं.

आता मोलभावाची गोष्ट, आणि पत्रातला तुमचा सूर बघता ही तुम्हाला पटायला वेळ लागेल. लीपच्या वेळी सगळ्यात जड पारडं तुमचं असतं. विचार करा. अठरा वर्षं पुढे गेल्यावर पोरं नवी, सून नवी, नायक नवा, बहुधा घराचे पडदेही नवे. प्रेक्षकाला 'हे तेच घर' कळायचं कशावरून? जुन्या चेहऱ्यावरून. तुमच्याशिवाय तो चेहरा त्यांच्याकडे दुसरा कुठला आहे? म्हणून दोन आठवड्यांची मुदत तुमच्याइतकीच त्यांनाही टोचतेय. पण ही ताकद फक्त प्रोमो शूट होईपर्यंतची. पांढऱ्या केसांतला तुमचा चेहरा एकदा प्रोमोत गेला की मग तुम्ही काहीही मागा, उत्तर 'बघू ताई' असं येईल. तेव्हा कागदावर आल्याशिवाय प्रोमोला उभं राहू नका.

काय मागायचं? माझ्या मते पैसे वाढवून मागण्याआधी तारखा मागा. महिन्याला ठरावीक किमान दिवसांची हमी, आणि शनिवार-रविवार नाटकाला मोकळे, किंवा प्रयोगाच्या दिवशी ठरलेल्या वेळेला पॅकअप. मराठीत हे नवीन नाही. आठवडाभर मालिका आणि शनिवार-रविवारी गडकरी किंवा शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रयोग असं करणारे कितीतरी नट आहेत. निर्मात्याला ते आवडत नाही, पण लीपच्या तोंडावर तो ऐकतो. तोंडी 'हो हो, करू ॲडजस्ट' यावर विसंबू नका. जो आज शब्द देतोय तो सहा महिन्यांनी दुसऱ्या मालिकेवर गेलेला असेल आणि नव्या माणसाला तुमच्या शब्दाशी देणंघेणं नसेल.

आणि हो, केसांबद्दल: विग मागा, स्वतःचे केस रंगवू देऊ नका. नाटकात तुमची भूमिका चाळिशीची असेल तर शनिवारी पहाटे काय खरवडत बसणार?

म्हणजे तुमच्यापुढे दोन नाही, तीन गोष्टी आहेत: मालिका, नाटक, किंवा दोन्ही. तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच पत्रातून वगळली होती. मात्र नाटकाबद्दल भाबडं राहू नका. भूमिका चांगली आहे म्हणता, पण निर्माता कोण, महिन्याला खरोखर किती प्रयोग लागतील, तारखा हातात आहेत का, नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, किती, तालमीच्या महिन्याचं काय? परीक्षांच्या दिवसांत आणि ऐन पावसाळ्यात बुकिंग कसं असतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. चांगलं नाटक पंचविसाव्या प्रयोगाला बंद पडतं, सामान्य नाटक पाचशे करतं. नाटक घ्यावं ते तिथे रोज नव्याने उभं राहावं लागतं म्हणून. वर म्हटलं तो गंज असेल तर त्यावर महिनाभराची तालीम हे औषध आहे. त्यातून घराचे हप्ते निघतील अशी अपेक्षा मात्र त्याच्यावर लादू नका.

सगळं करून वाहिनी एकही अट मान्य करत नाही आणि आजी जपमाळेचीच निघाली, तर? तर सोडा, पण तारीख ठरवून सोडा. पैशाचं एक विचित्र गणित या धंद्यात आहे, ते लक्षात ठेवा. पैसे साधारणपणे नव्वद दिवसांनी येतात. आज काम थांबवलंत तरी पुढचे तीन महिने खात्यात चेक येत राहतील, आणि तुम्हाला वाटेल, अरे, जमतंय की. चौथ्या महिन्यात खातं गप्प होईल. म्हणून सोडण्याच्या दिवसापासून मोजू नका, शेवटच्या चेकपासून मोजा. त्यानंतर सहा महिन्यांचे हप्ते, मुलीची फी आणि आरोग्य विम्याचा हप्ता बाजूला असेल तर निर्धास्त सोडा. नसेल तर हे वर्ष आजी करून ते जमवा. २०२० च्या मार्चमध्ये शूटिंगं थांबली ती जून-जुलैतच पुन्हा सुरू झाली. त्या महिन्यांत 'पर डे', म्हणजे जितके दिवस काम तितकेच पैसे, या शब्दाचा अर्थ सगळ्या युनिटला कळला. आपल्याला ना पीएफ, ना ग्रॅच्युइटी, ना आजारपणाची रजा. हप्त्यांसाठी आजी करण्यात कमीपणा नाही. बँक मॅनेजर हप्त्यांसाठी बँकेत जातो तेव्हा त्याला कोणी 'अजून तेच करतोस?' विचारत नाही.

विसरण्याबद्दल फार लिहीत नाही. तुम्ही सोडलंत तर माईला दुसरा चेहरा देतील आणि लोक महिनाभर कुरकुर करून तो स्वीकारतील. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली शनाया रसिका सुनीलने सोडली, ईशा केसकर आली, आणि पुढे रसिका परतलीही. मालिका चालूच होती. हे ऐकायला क्रूर आहे, पण त्यात तुमची सुटकाही आहे. माई वाहिनीच्या मालकीची आहे. बँकेतल्या बाईंनी माईला हाक मारली, सही मात्र तुमच्या नावाने झाली आणि खातंही तुमच्याच नावाने आहे. त्या बाईंवर चिडू नका. त्यांच्या घरी रोज संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्यांमध्ये तुम्ही येऊन जाता.

घरी मात्र एक बोलणं राहिलंय असं मला वाटतं. नवऱ्याची नोकरी गेल्यापासून घर तुमच्यावर आहे, आणि पत्रभर तुम्ही ते एका वाक्यात उरकलंय. मुलगी एकोणीस-वीस वर्षांची आहे. तिच्यासमोर आणि नवऱ्यासमोर हिशेबाची वही उघडून बसा. निर्णय तुम्हीच घ्याल, पण 'मी सगळ्यांसाठी आजी झाले' असा घोट गिळून सेटवर जाऊ नका. ते दोन वर्षांनी भांडणात बाहेर येतं, आणि त्या वेळी मुलीला कळतही नाही की आपल्या फीचा हिशेब इतक्या उशिरा का निघाला.

या निमित्ताने इतर वाचकांसाठी चार ओळी, कारण अशी पत्रं फक्त नट्यांची येत नाहीत. एकाच शाळेत वीस वर्षं पाचवीला शिकवणाऱ्या बाईंना अचानक ग्रंथालय सांभाळायला सांगितलं जातं. दुकानात काउंटरवर आयुष्य गेलेल्या गृहस्थांना मालकाचा मुलगा गोदामात बसवतो. प्रत्येकाला वाटतं आपल्याला म्हातारं ठरवलं. बऱ्याचदा तसं असतंही. पण नवी जागा नाकारण्याआधी तिथे काम काय आहे ते विचारा, नेमकं, दिवसाच्या तासांत. आणि बदल करणाऱ्याला तुमची गरज कुठल्या तारखेपर्यंत आहे ते शोधा. जे मागायचं ते त्या तारखेच्या आत मागा, लेखी.

तुमच्याकडे दोन आठवडे आहेत. पहिल्या आठवड्यात करार, वकील आणि नाटकाच्या निर्मात्याकडून तारखांचा कागद. मग ईपींची वेळ घ्या, आणि भेट मेकअपरूममध्ये नको, ऑफिसात, मेकअप न करता. भेटीनंतर त्याच दिवशी जे ठरलं ते मेलवर लिहून पाठवा: 'आजच्या बोलण्याप्रमाणे महिन्याला इतके दिवस, शनिवार-रविवार मोकळे, विग, तीन महिन्यांचा ट्रॅक.' उत्तर आलं तर प्रोमोची तारीख घ्या. चार दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा, आणि तोवर नाटकाच्या निर्मात्याला 'नाही' कळवू नका.